माझ्या गणाराधनेचं जेवण

आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात आणि मग ठरल्या दिवशी स्वामींना नि भावकीला जेवायला घालतात. त्याला गणाराधना म्हणतात. माझी गणाराधना लातुरात झाली. खपली गव्हाची खीर होती, तिच्यावर तुपाची धार होती, आणि लोक म्हणे मागून मागून वाढून घेत होते. मी त्या वेळी नांदेडच्या दवाखान्यात कुणाचं तरी बाळंतपण करत असणार. चांगली ठणठणीत होते.

हे आजवर लिहिलं नाही, कारण ते माझ्या लेकीला कळू द्यायचं नव्हतं. ती गेल्या चैत्रात गेली. आता कुणाचं काही बिघडायचं राहिलेलं नाही, माझं तर नाहीच.

माझं माहेर देवणीचं. वडील बैलांचे व्यापारी. बाजारात जनावरांच्या पावत्या उर्दूत लिहाव्या लागत, म्हणून वडिलांनी भावाला शिकवायला एक मुन्शी लावला होता. भाऊ मुन्शी दिसला की मागच्या दारानं पसार व्हायचा. फुकट कशाला घालवायचं, म्हणून त्याच्या जागी मी बसायचे. त्यामुळं मला मराठी नि उर्दू दोन्ही वाचता यायचं, आणि आमच्या बायांत हे एक व्यंगच मानलं जायचं. लग्न ठरवताना वडिलांनी ते सांगितलं नाही.

सासर लातूरच्या गंजातलं, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेतलं. पुढं आडत दुकान, मागं घर. शेंगा, करडई, तूर यांच्या थप्प्या अंगणापर्यंत आलेल्या असत आणि सगळ्या घराला तागाच्या पोत्यांचा वास असे. माझा नवरा मुदतीच्या तापानं गेला तेव्हा लेक अंगावर पीत होती. सासरे भला माणूस. सासूबाईही वाईट नव्हत्या, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं लोक काय म्हणतील ते आधी ऐकू यायचं.

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला उडकी म्हणतात. वर्षभरानं सासूबाईंनी उदगीरचा एक कापडवाला काढला. त्याच्या दोन बायका आधीच मातीत गेलेल्या आणि सुना घरात नांदत होत्या. मी विचारलं, "आन् माझी पोर?"

"पोर या घरची हाय," सासूबाई म्हणाल्या. "ती कशाला तिथं? तू मोकळी हो, तुझं तू बघ."

म्हणजे लग्न केलं तर लेक जाणार. न करावं, तर घरात माझा हक्क काय? तर दोन वेळच्या भाकरीचा. तेव्हा भाऊ नांदेडला नोकरीला होता. तो आला तेव्हा म्हणाला, "दवाखान्यात दाईचं काम शिकायला बाया घेऊन राहिलेत. वाचता येणारी पाह्यजे. शिकली की नोकरी, नोकरी लागली की राहायला खोली." बाकी मी काही ऐकलं नाही. खोली एवढाच शब्द माझ्या डोक्यात बसला. खोली मिळाली की लेक माझ्यापाशी.

सासूबाई आकांतानं उभ्या राहिल्या. "दुसऱ्याच्या बायांची घाण काढाय जाणार? आपल्या घरची सून?"

सासऱ्यांनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली. "घाण कसली? आपल्यात पाच सुतकं हाईत का? अंगावर लिंग हाय तवर विटाळ न्हाई. स्वामी काय सांगतेत ते इसरलीस का?"

ते खरं होतं. आमच्या धर्मात तसंच आहे. लिंग अंगावर असलेल्याला ना बाळंतपणाचं सुतक, ना मरणाचं. त्या एका वाक्यावर मी नांदेडला गेले. पुढं त्याच लिंगावरून मला मारलं गेलं, पण ते नंतर. सासऱ्यांनी एवढंच कबूल करून घेतलं की नोकरी पक्की होऊन खोली हातात येईपर्यंत पोर लातुरात राहील. मी हाव म्हटलं. ठरलं ते दोघांच्या तोंडी ठरलं आणि दोघांनाही पुरेसं वाटलं.

निघायच्या दिवशी लेकीनं रडून गोंधळ घातला असता. सासऱ्यांनी तिला उचलून दुकानातल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि झोका द्यायला लागले. ती हसत होती. मी मागच्या दारानं बाहेर पडले. गल्ली संपेपर्यंत तिचं हसणं ऐकू येत होतं आणि मला त्या हसण्याचा राग येत होता, खरं सांगायचं तर.

नांदेडला आम्ही तिघी एका खोलीत होतो, एक किरिस्ताव, एक मुसलमान आणि मी. पहाटे कापड गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, फरशी फिनेलनं पुसायची, पाणी उकळायचं. डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या. उंच, तोंडानं फटकळ, हातानं फार हलक्या. पहिल्याच बाळंतपणाला मी वाकले आणि माझ्या गळ्यातली चांदीची डबी पुढं झुलली. लिंग तिच्यातच असतं, दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं.

"वो क्या है गले में?" बाई म्हणाल्या. "निकालो. यहाँ कुछ लटकता नक्को. जच्चा को लग गया तो?"

मी काढलं नाही. बाहेर जाऊन उभी राहिले. लिंग अंगावरून उतरवायचं म्हणजे आमच्यात माणूस मेल्यातच जमा. जेवताना नाही, झोपताना नाही, आजारात नाही. माझ्या बापानं बैलाच्या लाथेनं छाती मोडून घेतली, तेव्हा वैद्याला त्यांनी आधी लिंग सांभाळायला सांगितलं होतं. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांना बाळंतिणीची काळजी होती, मला माझी. दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या मठात गेले आणि म्हाताऱ्या स्वामींना विचारलं.

स्वामी म्हणाले, "गळाच कशाला पाह्यजे? छातीला बांध, दंडाला बांध. कमरेखाली न्यायचं न्हाई आन् अंगावरून उतरायचं न्हाई. एवढंच हाय."

त्यांनीच दोरा बदलून दिला. मी डबी डाव्या दंडाला घट्ट बांधली. वरून चोळीची बाही आली. गळा मोकळा झाला. आता माझ्या गळ्यात दुसरं असणार तरी काय होतं? मंगळसूत्र तर केव्हाच गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, मान हलवली आणि कामाला लागल्या. शास्त्रानुसार होतं, दवाखान्याच्या नियमानुसार होतं, आणि मी खूश होते की दोन्हीकडचं साधलं.

पहिल्या शिवरात्रीला मी लातूरला जाऊन आले. लेक दिवसभर पदराला धरून होती. त्यानंतर मात्र तीन-चार वर्षं जाणं झालं नाही. आधी परीक्षा होती. मग प्लेग आला. नांदेड गाव उठून शिवारात झोपड्या बांधून राहिलं, मोटारी बंद झाल्या, आणि दवाखान्याच्या बायांना गाव सोडायची मनाई झाली. भावाची बदली परभणीकडं झाली. सुनेचं पत्र दुकानात आलेलं सासूबाईंना खपलं नसतं, म्हणून कुणी लातूरला जाणारं भेटलं की मी तोंडी निरोप द्यायची, खुशाल आहे, येते. ते निरोप पोचले की वाटेत गळाले, मला कधी कळलं नाही. लेकीच्या आठवणीनं मी रडत नसे. बाळंतिणी इतक्या रडायच्या की आपलं रडणं तिथं शोभायचंच नाही. पण एखादं चार-पाच वर्षांचं पोर आईला भेटायला वॉर्डात आलं, की मी त्याला हाकलून द्यायची. नियम होता, पण मी जरा जास्तच पाळायची.

प्लेग ओसरल्यावर लोक गावात परतले आणि त्याच दिवसांत आमच्या लातूरच्या घरासमोरची आडतवाल्याची बायको नांदेडला आली. तिचं माहेर इथलं, भावजय आमच्या दवाखान्यात बाळंत होत होती. मी कामात होते. कपाळाला घाम, हात कोपरापर्यंत भरलेले. ती दारात उभी राहून माझ्याकडं पाहत होती. मी हसले. ती हसली नाही. मला वाटलं, भावजयीच्या काळजीत असेल. ती पाहत होती माझ्या गळ्याकडं. एक शब्द विचारला असता, तर मी बाही वर करून दाखवलं असतं. हात धुवायलासुद्धा थांबले नसते.

त्यानंतर पावसाळा गेला. माझी नोकरी पक्की झाली. दवाखान्याच्या मागं ओळीनं खोल्या होत्या, त्यातली शेवटची मला मिळाली. एक खिडकी, एक चूल, दारात कडुनिंब. मी आधी चूल सारवली. मग लेकीच्या मापाचा अंदाज करून परकर-पोलकं शिवलं. वाढली असणार म्हणून चांगलं मोठं शिवलं. सुट्टी मिळाली त्या दिवशी पहिल्या मोटारीत बसले. चाकूरला मोटार तापली. ड्रायव्हरनं पाणी ओतेपर्यंत सगळे खाली उतरून चहा पीत होते आणि मी एकटी आत बसून होते, जागा गेली तर काय घ्या.

लातूरला पोचले तेव्हा दुपारची जेवणवेळ, गंज सामसूम. सून म्हणून पुढच्या दारानं जायची मला सवय नव्हती. मागच्या दारानं गेले. अंगणात एक मुलगी शेंगा फोडत बसली होती. हात-पाय लांब झालेले, समोरचे दात पडलेले. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"कोन पाह्यजे तुमाला?" ती म्हणाली.

तुमाला, म्हणाली.

मी म्हटलं, "मला वळखलं न्हाईस? तुझी माय."

ती घाबरली नाही. समजावून सांगावं तशी म्हणाली, "माझी माय मेली. नांदेडला प्लेगात मेली. आमी जेवण घातलं."

आतून सासूबाई आल्या. त्यांच्या हातातला तांब्या पडला, आणि त्या भूत पाहिल्यासारख्या भिंतीला टेकल्या. मग त्यांनी पहिलं काम केलं ते पोरीला दुकानात पाठवण्याचं. सासरे आले. त्यांनी दाराला कडी लावली. माझ्याकडं न बघता खाली बसले आणि म्हणाले, "लिंग सोडलंस आन् वर या घरात आलीस व्हय?"

मला आधी उलगडाच झाला नाही. मग समोरच्या आडतवाल्याच्या बायकोचे डोळे आठवले. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली. दोरा दंडात रुतलेला होता, त्याची काळी वळी उठली होती. डबी तिथंच होती, इतकी वर्षं होती तशी.

सासऱ्यांनी पाहिलं. मग दोन्ही हात जोडले, मला की डबीला कोण जाणे. तो माणूस माझ्यासमोर रडला. मी त्यांना नवरा गेला तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. "आधी का सांगितलं न्हाईस?" म्हणाले. "एक निरोप तरी!"

"कशाचा निरोप?" मी म्हटलं. "लिंग दंडाला बांधलंय ह्याचा? कुनी इचारलं मला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. समोरचीनं सासूबाईंच्या कानात सांगितलं होतं. अजून बाहेर फुटलं नव्हतं. फुटलं असतं तर लिंग सोडून दुसऱ्या धर्मात गेलेल्या बाईची पोर म्हणून माझ्या लेकीला कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं. मेलेल्या बाईच्या पोरीचं मात्र लग्न होतं. नांदेडात प्लेग अजून पुरता हटला नव्हता. सासरे दोन दिवस कुठंतरी जाऊन आले, माझ्या माहेरी काही कळू दिलं नाही आणि लोकांना सांगितलं, सून गेली, मी हातानं माती देऊन आलो. कुणी शंका काढू नये म्हणून तळहातावर लिंग घेऊन सांगितलं. पोरीसाठी केलं. माझ्या पोरीसाठी त्यांनी मला पुरलं होतं, आणि त्यात त्यांची माया होती. हेच मला आजही गिळवत नाही. दुष्टपणानं केलं असतं, तर शिव्या तरी घातल्या असत्या.

"मंग आता सांगा की लोकांना," मी म्हटलं. "चूक झाली म्हणून."

त्यांनी वर पाहिलं. "जेवण झालंय बाई," म्हणाले. "स्वामी जेवून गेले. सारा गंज जेवून गेला. लिंग हातात घेऊन बोललोय मी. आता कुन्या तोंडानं सांगू? आन् सांगितलं तर लोक म्हणतील, काय तरी झालं हुतं म्हणूनच म्हाताऱ्यानं असं केलं. पोरीच्या अंगावर आयुष्यभर राहील ते."

मला हसू आलं. खरंच आलं. गावानं खीर खाल्ली, म्हणून मी मेलेली. खीर काही परत येत नाही. मी म्हटलं, पोर द्या, मी नांदेडला घेऊन जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाही. ते म्हणाले, कोण म्हणून नेशील? मी बोंब मारीन म्हटलं, गंजात उभी राहून. ते म्हणाले, मार. आणि त्यांनी खरोखर उठून दाराची कडी काढली.

दाराबाहेर लेक उभी होती. शेंगांची टोपली कडेवर घेऊन, हे दार का लावलंय म्हणून बघत. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझी बोंब घशातच राहिली. सासूबाई पटकन म्हणाल्या, "ही तुझी मावशी हाय. तुझ्या मायीची भैन. नांदेडला असते. लहानपनी तुला पाहिली हुती."

लेक मला निरखून म्हणाली, "म्हणूनच मला माय म्हणाल्या व्हय?"

मी हाव म्हटलं.

परकर-पोलकं तिला तंतोतंत बसलं. मावशीनं आणलं म्हणून ती गल्लीभर दाखवून आली. गल्लीतल्या बायांनी मला पाहिलं. सून असताना माझा पदर कपाळाखाली असायचा, पुरुषांनी माझं तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं. पण आडावरच्या बायांना कळलं नसेल असं होणार नाही. त्यांतली एकही कधी बोलली नाही. समोरची तर नाहीच, तिनंही खीर खाल्ली होती.

तेव्हापासून मी मावशी. वर्षातून दोनदा जायचे. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या आईच्या गोष्टी सांगायची. तिची आई माझ्यापेक्षा गोरी होती. उंच होती. तिच्या हातची शेंगाची पोळी खाऊन लोक बोटं चाटायचे. मला पोळी कधी नीट जमली नाही, कडेला फुटायची. "मावशी, तुला माझ्या मायीसारखं येत न्हाई," म्हणायची. मी तिच्या आईचा इतका द्वेष केला आहे की सांगता येत नाही. मेल्यावर बाई दिवसेंदिवस सुंदरच होत चालली होती, आणि जिवंत होती ती फिनेलच्या वासाची, काळवंडलेली, पोळ्या फोडणारी.

लेकीचं लग्न चाकूरच्या दुकानदाराच्या घरात झालं. आई असती तर जिथं बसली असती तिथं भावकीतली एक काकू बसली. मी विधवा, तशीही मागंच उभी राहणार. अक्षता टाकल्या आणि जेवायच्या पंगतीत वाढायला घेतलं. पुढच्या काही वर्षांत सासरे गेले. मरायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं होतं आणि नुसता हात धरून ठेवला. मी म्हटलं, "मामा, जाऊ द्या आता." माझ्या मनातून गेलं नव्हतं, पण मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

एक मात्र मनाशी धरलं. शपथ ज्यांची होती ते गेले. आता लेक एकटी हाताशी सापडली की सांगायचं. तिच्या सासरच्यांना नाही, गावाला नाही, फक्त तिला. तिनं एकदा माय म्हणावं, मग पुन्हा जन्मभर मावशी म्हटलं तरी चालेल.

तशी वेळ आली ती रझाकारांच्या धामधुमीत. गावंच्या गावं घाबरून सोलापूरकडं सरहद्दीपलीकडं निघाली होती. चाकूरच्या लोकांनीही गाड्या जुंपल्या. लेकीचे दिवस भरलेले, बैलगाडीतून इतक्या लांब नेणं म्हणजे वाटेतच दोघांना घालवणं. जावयानं तिला कशीबशी नांदेडला माझ्याकडं आणून सोडली आणि आई-वडिलांना पलीकडं पोचवून येतो म्हणून तो गेला.

ती माझ्या खोलीत आली. जी खोली मी तिच्यासाठी मिळवली होती, त्याच खोलीत. कडुनिंब आता छपरावर आला होता. तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, "किती छान हाय गं मावशी. तू मला आधी का बोलावलं न्हाईस कधी?" मी चुलीकडं तोंड केलं आणि भाकरी थापायला घेतल्या. बाहेर रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. दवाखान्याचं फाटक बंद होतं.

बाळंतपण अवघड गेलं. डॉक्टरीणबाई हैदराबादला अडकलेल्या. सगळं मलाच करावं लागलं. दिवस चढता चढता मुलगी झाली. रडली. मी नाळ कापली, दोघींना पुसून घेतलं आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसले.

दुपारी लेक पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती. कामाच्या ओघात माझी बाही वर राहिली होती. "मावशी, लिंग दंडाला?" ती म्हणाली.

आता सांगायचं, मी ठरवलं. पदरानं हात पुसले आणि तिच्यापाशी बसले. म्हटलं, "गळ्यात असलं की कामात आडवं येतं. म्हणून. तुला एक सांगायचं हाय..."

"मला म्हाईत हाय काय सांगनार," ती म्हणाली. "मायीबद्दल लोक बोलतेत तेच ना? सासूबाई मला टोचून बोलतात. तुझ्या मायीनं नांदेडला लिंग सोडलं, परधर्मात गेली, कुठं तरी जिती आसंल म्हणतात. लई वंगाळ बोलतात मावशी. मी एकदाच उलट बोलले. म्हणले, माझ्या आज्यानं लिंग हातात घेऊन सांगितलंय, माझी माय लिंगासकट मातीत गेली. तवापासून गप झाल्यात. आजा खोटं बोलंल का गं लिंग हातात घेऊन?"

ती उत्तराची वाट पाहत होती. दमलेली, पांढरी पडलेली, छातीशी पोर. तिच्या सासरात उभं राहायला तिच्यापाशी एवढी एकच जागा होती, आणि ती माझ्या मातीवर होती.

मी म्हटलं, "न्हाई. तुझा आजा खोटं बोलनारा मानूस नव्हता."

"मंग? तू काय सांगनार हुतीस?"

"हेच," मी म्हटलं. "लोकांचं मनावर घेऊ नको."

चार-पाच दिवसांनी जावई आला. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघायला हवं म्हणाला, पुढं रस्ता राहील न राहील. बारशाला थांबायला सवड नव्हती. लेक म्हणाली, निदान नाव तरी ठेवून जाऊ, बिननावाची पोर कशी न्यायची? मठातले स्वामी गाव सोडून गेलेले, पोरीला लिंग बांधणं सोलापूरला गेल्यावर होणार होतं. नाव ठेवायला आत्या लागते, ती नव्हती. खोलीत आम्ही दोघीच. मी माझ्याच जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि पोर तिच्यात घातली.

"मावशी, तूच कानात सांग," लेक म्हणाली. "मायीचं नाव ठेवायचं हिला."

आमच्याकडं गेलेल्या माणसाचं नाव पोराला ठेवतात. जिवंत माणसाचं ठेवत नाहीत, त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. मी म्हटलं, दुसरं एखादं ठेव, देवीचं ठेव. ती ऐकेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला तिचं तोंडसुद्दा आठवत न्हाई. नाव तरी घरात राहू दे."

मी झोळीवर वाकले आणि त्या पोरीच्या कानात माझं नाव सांगितलं. रीतीप्रमाणं तीनदा सांगितलं. लेकीनं डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली. सकाळी ती गेली.

पुढं निजाम गेला, लोक परत आले, चाकूरचं दुकान पुन्हा उघडलं. मी म्हातारी होऊन नोकरीतून सुटले, तेव्हा लेकीनंच आग्रह करून मला घरी नेलं. मावशीला कोण आहे म्हणाली. तिच्या ओसरीवर मी बरीच वर्षं काढली. दिवसातून कितीदा तरी ती माझ्या नावानं हाका मारायची, रागवायची, जेवायला ये म्हणायची, आणि आतून नात धावत यायची. सुरुवातीला मी चुकून ओ द्यायची. मग सवय झाली.

गेल्या चैत्रात ती गेली. साठीही गाठली नाही. त्यांच्याच शेतात खड्डा घेतला. तिला बसवलं, डाव्या हातात लिंग दिलं, कपाळाला विभूती लावली. स्वामींनी मंत्र म्हटले आणि पोटच्या माणसांनी आधी बेल वाहावा म्हणून माझं नाव घेऊन हाक मारली. मी उठले. पाय दुखतात, तरी लवकर उठले. तेवढ्यात शेजारच्या बाईनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि म्हणाली, "तुमी बसा मावशी, आधी लेकीला जाऊ द्या." माझी नात पुढं गेली.